मुखवटा सापडला बाईला

दर तीन महिन्यांनी या पानावर आपण घरातल्या मारहाणीबद्दल, रेशनबद्दल, जमिनीच्या उताऱ्यावर बाईचं नाव लागण्याबद्दल बोलतो. या वेळी मी तुम्हाला लांब नेणार आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात डोगॉन नावाचे लोक राहतात. त्यांचे मुखवटे आणि त्यांचे नाच हा या संपादकीयाचा विषय आहे. "आपल्या गटातल्या बायकांना याचं काय?" असा प्रश्न आमच्या संपादक मंडळातच निघाला. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की डोगॉन लोकांची स्वतःचीच जुनी कथा सांगते, मुखवट्याचा साज पहिल्यांदा एका बाईच्या हाती लागला. आणि मुखवटे नाचायला निघाले की तिथल्या बाईनं बाजूला व्हायचं असतं. बाईनं मिळवलेली गोष्ट बाईलाच बंद कशी होते, हे समजून घ्यायला इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

आधी गाव बघू. मालीच्या मध्यभागी बांदियागारा नावाचा दीडशे किलोमीटर लांबीचा उभा कडा आहे. कड्याच्या वर, पायथ्याशी आणि कपारीत डोगॉनांची गावं आहेत. मातीची घरं, गवताच्या टोकदार टोप्या घातलेली धान्याची कोठारं. युनेस्कोनं १९८९ साली हा सगळा प्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. मुख्य पीक बाजरी. ती पेरायला, खुरपायला, कापायला बायका असतातच. कांडायचं काम बायकांचं, आणि कडा चढून पाणी आणायचं कामही बायकांचं. एवढं वाचूनच आपल्यापैकी अनेकींना तिथलं जगणं अर्धं ओळखीचं वाटेल.

मुखवटे बाहेर येतात ते मुख्यतः मृत्यूच्या विधीत. माणूस मेला की लगेच अंत्यसंस्कार होतात, पण तेवढ्यानं तो गेला असं डोगॉन मानत नाहीत. प्रत्येक जिवात 'न्यामा' नावाची शक्ती असते. मेल्यावर ती मोकाट सुटते, गावातच घोटाळते, त्रास देऊ शकते. तिला गावाबाहेर पूर्वजांकडे नेऊन सोडायला मोठा विधी करावा लागतो, त्याला 'दामा' म्हणतात. तो खर्चिक असतो, म्हणून काही वर्षांतल्या सगळ्या मृतांचा मिळून एकदाच होतो. मुखवटे रानातून गावात शिरतात, मृताच्या घराच्या धाब्यावर नाचतात, मग चौकात नाचतात. असं काही दिवस चालतं. ससा, हरीण, माकड, मगर असे प्राण्यांचे मुखवटे असतात. दुहेरी क्रूसासारखा 'कानागा' असतो. तो घातलेले नर्तक कमरेतून असे गरकन फिरतात की मुखवट्याचं टोक जमिनीला घासून जातं. 'सिरिगे' नावाचा मुखवटा चार-पाच मीटर उंच असतो. तो दातांत धरून तोलायचा आणि खाली वाकून टोक मातीला टेकवायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. इथे मोठी कला आहे, यात मला शंका नाही, आणि मृत्यूच्या दुःखाशी गावानं मिळून केलेला व्यवहारही आहे. या लेखात मी त्यांची खिल्ली उडवायला बसलेली नाही.

मुखवट्यांचा कारभार 'आवा' नावाची मंडळी पाहतात. आवात सुंता झालेले पुरुष असतात. मुखवटा कोरायचा तो गावाबाहेर, बायकांच्या नजरेआड. मुखवट्यांशी बोलायची 'सिगी सो' नावाची वेगळी भाषा आहे, तीही पुरुषांनी शिकायची. मुखवटे येतात तेव्हा बायकांनी लांब राहायचं, दुरून बघायचं. का, तर मुखवट्यांतली शक्ती बाईच्या गर्भाला बाधते. आत कोण नाचतंय हे बायकांना कळत नाही, असं मानायचं. प्रत्यक्षात आपल्या भावाची चाल, आपल्या नवऱ्याचे पाय कोणत्या बाईला ओळखू येत नाहीत? पण ओळखलं असं दाखवायचं नाही. गुपित सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ते ठाऊक नसल्याचं सोंग करायची जबाबदारी बाईवर असते. म्हणजे मुखवटा नसला तरी तिलाही एक सोंग वठवावंच लागतं.

आणि या सगळ्या दिवसांत बायका काय करत असतात? दामासाठी गावोगावहून पाहुणे येतात. त्यांच्यासाठी बाजरी कांडून, आंबवून, उकळून दारू बनवायची असते, त्याला कित्येक दिवस लागतात. ती बनवतात बायका. स्वयंपाक बायका करतात. आपल्याकडे गावच्या जत्रेला वर्गणी घरटी घेतात, एकट्या बाईच्या घरातूनही घेतात, पण जत्रेच्या कमिटीत बाईचं नाव नसतं. गटाच्या बैठकांत हा विषय निघाला की बायका आधी हसतात आणि मग गप्प होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. ते हसणं आणि ते गप्प होणं डोगॉन बाईला समजावून सांगावं लागणार नाही.

आता ती कथा. नर्तक जे लाल धाग्यांचे घागरे घालतात त्यांच्यावाचून मुखवटा पूर्ण होत नाही. आपल्या अंबाडीच्या कुळातल्या झाडाचा वाख काढून, रंगवून ते करतात. हा लाल रंग आला कुठून? मार्सेल ग्रियोल या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाला १९४६ साली ओगोतेमेली नावाच्या एका आंधळ्या, वृद्ध डोगॉन शिकाऱ्यानं तेहतीस दिवस आपल्या लोकांची सृष्टिकथा सांगितली. तिच्यात असं येतं की पृथ्वीमातेनं वाखाचा घागरा नेसला होता. तिच्याच मुलानं, कोल्ह्यानं, तिच्यावर बळजबरी केली, तिला पाळी आली आणि घागरा रक्तानं लाल झाला. तो वारुळावर वाळत घातला होता. एका बाईनं तो उचलला, नेसला, आणि सगळ्यांना धाक बसवून राणीसारखं राज्य केलं. पुढे पुरुषांनी तो तिच्याकडून काढून घेतला, स्वतः नेसला आणि बायकांना त्याची बंदी केली.

मैत्रिणींनो, या कथेत काय काय आहे ते सावकाश बघा. बळजबरी आहे. बाईचं रक्त आहे. बाईच्या हाती आलेली सत्ता आहे, आणि ती तिच्याकडून घेतली गेल्याची कबुलीसुद्धा आहे. पुरुषांनी स्वतःच सांगितलेल्या कथेत इतका स्वच्छ कबुलीजबाब असतो, याचंच मला आश्चर्य वाटतं.

रक्ताचं पुढे बघा. डोगॉन गावाच्या कडेला गोल आकाराची एक झोपडी असते. पाळीच्या दिवसांत बाईनं तिथे राहायचं. बेव्हर्ली स्ट्रासमन या अमेरिकन संशोधिकेनं १९८६ पासून एका डोगॉन गावात अनेक वर्षं काम केलं. तिचा निष्कर्ष असा की ही झोपडी म्हणजे बाईच्या शरीरावर ठेवलेली उघड पाळत आहे. कोणाची पाळी आली, कोणाची चुकली, कोण दिवसांत आहे, हे नवऱ्याच्या घराण्याला झोपडीवरून कळतं, आणि मूल कोणाचं याची खात्री करून घेता येते. गडचिरोलीत माडिया बायकांचं कुर्माघर ज्यांनी पाहिलं आहे त्या कार्यकर्त्यांना यावर जास्त सांगायला नको. मला खटकते ती जोडी. बाईच्या अंगावरचं रक्त विटाळ, म्हणून तिनं गावाच्या कडेला जायचं. त्याच रक्ताचा रंग पुरुषाच्या कमरेला आला की ते सामर्थ्य, म्हणून त्यानं गावाच्या मधोमध नाचायचं.

ओगोतेमेलीच्या त्याच कथेत वारुळ हा पृथ्वीचा योनिलिंग मानलेला आहे आणि तो कापला जातो. मुलींच्या जननेंद्रियाच्या छेदाला तिथे असा सृष्टीच्या आरंभाचा आधार मिळतो. मालीत २०१८ साली झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ८९ टक्के बायकांवर हा छेद झालेला आढळला. देशातल्या अनेक जमातींत तो होतो, हा काही एकट्या डोगॉनांचा दोष नाही. पण कथा ही नुसती कथा नसते, ती ब्लेडपर्यंत पोचते, हे लक्षात ठेवायला हवं.

मात्र चित्र एवढ्यावर संपत नाही. मुखवट्यांच्या व्यवस्थेत बाईसाठी एक अरुंद दार उघडं ठेवलेलं आहे. डोगॉनांचा सर्वांत मोठा विधी 'सिगी', तो साठ वर्षांतून एकदा येतो आणि गावोगाव फिरत काही वर्षं चालतो. जगात पहिला मृत्यू आला त्याची ती आठवण असते. सिगीच्या काळात जन्मलेल्या काही मुलींना 'यासिगीन' म्हणून दीक्षा मिळते. यासिगीन ही मुखवट्यांची बहीण. ती मुखवट्यांजवळ जाऊ शकते, नर्तकांना खायला-प्यायला देते. ज्या बाईला पहिल्यांदा मुखवटे सापडले तिची ती वारस मानली जाते. तिच्याच नावाचा एक मुखवटाही आहे, 'सातिंबे'. शब्दाचा अर्थ साधारण 'डोक्यावरची बहीण'. चौकोनी चेहरा, आणि त्याच्या माथ्यावर हात पसरून उभी असलेली बाईची आकृती. तो मुखवटा घालून नाचतो पुरुष. पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत हे मुखवटे काचेमागे आहेत आणि तिथे कोणीही बाई त्यांच्यासमोर हवा तेवढा वेळ उभी राहू शकते. ज्या गावानं ते घडवले तिथल्या बाईनं मात्र दुरून बघायचं.

पुरुष बायकांचीही सोंगं घेतात. गोरखचिंचेच्या फळाच्या करवंट्यांचे स्तन लावतात, कवड्यांनी मढवलेली टोपरी घालतात. शेजारच्या गुराखी फुलानी जमातीच्या बाईचं सोंग असतं, तिला 'पुलो याना' म्हणतात. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातही देवीचं सोंग पुरुषच घेत आले. वॉल्टर व्हान बेक या डच अभ्यासकानं दामा जवळून पाहिला आणि त्याचा अर्थ असा लावला की मुखवट्यांच्या नाचात पुरुष रानाची शक्ती आणि बाईची जननशक्ती दोन्ही आपल्याकडे ओढून घेतात. तेवढ्या दिवसांपुरतं ते असं वागतात की जणू बाईवाचूनही जग चालेल. दारू मात्र तिनं उकळायची असते.

हे सगळं आपल्याला कळलं कोणाकडून, हाही स्त्री-चळवळीनं विचारायचा प्रश्न आहे. ग्रियोलचं मुखवट्यांवरचं मोठं पुस्तक १९३८ सालचं. त्याला माहिती देणारे प्रामुख्याने पुरुष. डोगॉन हे नाव आपल्याकडे कोणी ऐकलं असेल तर ते व्याध ताऱ्याच्या अद्भुत ज्ञानामुळे. व्हान बेकनं १९९१ साली लिहिलं की गावात चौकशी केल्यावर हे ज्ञान त्याला लोकांत सापडलंच नाही. थोड्या जाणत्या पुरुषांचं बोलणं म्हणजे सगळ्या समाजाचं मत, असं धरलं की असं होतं. आपल्या ग्रामसभांतही हेच होत आलं नाही का?

गंमत म्हणजे डोगॉनांकडे गेलेल्या संशोधकांत बायका बऱ्याच होत्या. देनीज पोल्म आणि देबोरा लिफ्शित्स या दोघी १९३५ साली सांगा या गावी कित्येक महिने राहिल्या. लिफ्शित्स ज्यू होती. १९४२ साली नाझींनी तिला ऑशविट्झच्या छळछावणीत नेऊन मारलं. पोल्मनं डोगॉनांच्या समाजरचनेवर १९४० साली पुस्तक लिहिलं आणि पुढे १९६० साली आफ्रिकेतल्या बायकांच्या जगण्यावरचा लेखसंग्रह संपादित केला. जर्मेन दितेर्लेन हिनं तर आयुष्यभर डोगॉनांवर काम केलं. १९६७ ते १९७३ चा सिगी तिनं आणि झां रूश यांनी मिळून चित्रित केला. गोऱ्या, परदेशी बाईला कॅमेरा घेऊन जिथे जाता आलं तिथे गावातल्या बाईला मज्जाव होता. म्हणजे बंदी 'बाई' या जातीला नव्हती. जिच्या गर्भावर, श्रमावर आणि बोलण्यावर गावाला ताबा ठेवायचा होता तिला होती.

आपल्यातल्या काही जणींना या कथेतून दुसरंच सुचेल: बघा, पूर्वी स्त्रीसत्ता होती! मला तो मोह टाळावासा वाटतो. जोन बँबर्गर या अभ्यासिकेनं १९७४ साली दक्षिण अमेरिकेतल्या अशाच कथांवर लिहिलं. तिथेही मुखवटे आणि पवित्र वाद्यं आधी बायकांकडे होती, मग पुरुषांनी घेतली, असं सांगतात. तिचं म्हणणं असं की या कथा इतिहास सांगत नाहीत, त्या पुरुषांच्या राज्याचं समर्थन करतात. "बायकांना सत्ता मिळाली होती, त्यांनी ती नीट वापरली नाही, म्हणून काढून घेतली" असा त्यांचा सूर असतो. महिला सरपंचाविरुद्ध अविश्वासाचा ठराव येतो तेव्हा हाच सूर मराठीत ऐकू येतो.

आणि नुसता मुखवटा बाईच्या हाती आला म्हणजे झालं, असंही नाही. सिएरा लिओन आणि लायबेरियात सांदे नावाची बायकांची मंडळी आहेत. तिथे काळा, तुळतुळीत 'सोवेई' मुखवटा बायका स्वतः घालून नाचतात. आफ्रिकेत ही फार दुर्मिळ गोष्ट. पण याच सांदेत मुलींना दीक्षा देताना छेद केला जात आला आहे, आणि तो करतात बायकाच. तिथल्या काही कार्यकर्त्या आता नाच, मुखवटा, शिकवण सगळं ठेवून फक्त ब्लेड बाजूला ठेवायची, असा प्रयत्न करत आहेत. मला त्यांच्याकडून शिकावंसं वाटतं. परंपरा म्हणजे सगळी घ्यायची किंवा सगळी टाकायची अशी बांधलेली मोळी नसते. मोळी सोडून एकेक काटकी बघता येते. पण ती कोणी सोडायची, हे ठरवण्यात बायका असायला हव्यात.

डोगॉन बायकांपुढे हा प्रश्न आज फार कठीण परिस्थितीत उभा आहे. बरेचसे डोगॉन आता मुसलमान आहेत, काही ख्रिस्ती, आणि अनेक गावांत मुखवटे नाचणं थांबलं आहे. २०१२ साली मालीत युद्ध पेटलं, काही वर्षांत ते मध्य मालीत पोचलं. पर्यटक यायचे बंद झाले. जिहादी गट, सैन्य आणि जमातींच्या सशस्त्र टोळ्या यांच्यात गावं चिरडली गेली. २३ मार्च २०१९ रोजी ओगोसागू या फुलानी वस्तीवर हल्ला होऊन दीडशेहून अधिक माणसं मारली गेली, त्यात बायका आणि मुलंही होती. आरोप डोगॉन शिकाऱ्यांच्या टोळीवर झाला. त्याच वर्षी जून महिन्यात सोबाने दा या डोगॉन गावावर हल्ला झाला. त्यात ३५ माणसं मेली, त्यांतली २४ मुलं होती. ज्या चौकात फुलानी बाईचं सोंग काढून लोक हसत होते तिथे फुलानी शेजारणीचं नाव घेणं आता अवघड झालं आहे. परंपरेच्या रक्षणासाठी म्हणून बंदुका उचलल्या जातात तेव्हा मुलं कडेवर घेऊन वाट फुटेल तिकडे निघतात त्या बायका, दोन्हीकडच्या.

आणि साठ वर्षांच्या हिशेबानं पुढचा सिगी २०२७ साली सुरू व्हायचा आहे. गेल्या सिगीत जन्मलेल्या यासिगीन आज पन्नाशी ओलांडलेल्या आहेत. तो होणार का, कसा होणार, कोणत्या गावातून सुरू होणार याची चर्चा जगभरचे अभ्यासक, सरकारी खाती आणि वारसा जपणाऱ्या संस्था करतील. ती व्हावी. इतका जुना धागा युद्धामुळे तुटला तर ते माझ्या दृष्टीनं मोठं नुकसान आहे. पण 'वारसा वाचवा' असं म्हणणाऱ्यांनी एक प्रश्न टाळू नये: वाचवायचं काय, हे ठरवताना यासिगीनला कोणी विचारलं का? जिची आकृती मुखवट्याच्या माथ्यावर कोरली आहे तिच्या वारसदारणीला बैठकीत जागा आहे का? बाहेरच्यांनी जाऊन डोगॉन बायकांच्या वतीनं निवाडा द्यावा असं मी म्हणत नाही. ती आणखी एक दादागिरी होईल. पण त्यांची स्वतःची कथाच त्यांच्या बाजूनं साक्ष देते. बाईला मुखवटा सापडला, हे गावातल्या जुन्याजाणत्यांनीच सांगून ठेवलं आहे. सातबाऱ्यावर जुनी नोंद सापडावी तसं हे आहे. नोंद आहे म्हणून जमीन आपोआप हाती येत नाही हे आपल्याला माहीत आहे. पण नोंद असली की भांडायला पाय रोवता येतो.

म्हणून शेवटी एक काम सुचवते. पुढच्या बैठकीत ही कथा तुमच्या गटात सांगा. मग विचारा: आपल्या गावातल्या कोणत्या विधीची, कोणत्या देवस्थानाची, कोणत्या कलेची सुरुवात बाईपासून झाली असं सांगतात? तिथे आज बाई कुठे उभी असते? मधोमध, कडेला, की चुलीपाशी? आणि खर्च, वर्गणी, मेहनत कोणाची असते? म्हाताऱ्या बायकांना आवर्जून बोलतं करा. त्यांना ज्या कथा माहीत असतात त्या कमिटीच्या पुस्तकात नसतात. जे निघेल ते आम्हाला लिहून पाठवा, पोस्टकार्डावर चार ओळी आल्या तरी चालतील. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.

आपली,
संपादक मंडळाच्या वतीनं